डॉक्टर जॉन्सनची प्रार्थनांची वही

मराठी वाचकांस डॉक्टर जॉन्सनची ओळख विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं करून दिली. १८७४ सालीं निघालेल्या निबंधमालेंत त्यांनीं या इंग्रज पंडिताविषयीं सविस्तर लिहिलें. आणि त्याच्या 'रासेलस'चें भाषांतर तर कृष्णशास्त्री व विष्णुशास्त्री या पितापुत्रांच्या हातून मराठींत आलें. तेव्हांपासून आमच्याकडे जॉन्सनची जी मूर्ति रूढ झाली आहे ती एखाद्या आखाडेबहाद्दराची आहे. दारिद्र्याशीं झगडत, अवघे ६ लेखनिक हाताशीं घेऊन त्यानें सुमारें ४२ हजार शब्दांचा इंग्रजी कोश रचला. आरंभीं दारांत ताटकळत ठेवणाऱ्या लॉर्ड चेस्टरफील्डनें कोश पुरा होत आल्याचें पाहून स्तुति आरंभिली, तेव्हां ७ फेब्रुवारी १७५५ च्या पत्रानें त्या श्रीमंताला त्याची जागा दाखवून दिली. मित्रमंडळींत वाद निघाला तर प्रतिपक्षाला चीत केल्यावांचून तो सहसा उठत नसे. शास्त्रीबोवांना या माणसाचा मोह पडावा हें अगदीं स्वाभाविक होतें. स्वाभिमान, पांडित्य आणि लेखणीची धार या तिन्ही गोष्टी त्यांना प्रिय होत्या, आणि त्या येथें एकाच ठिकाणीं सांपडल्या.

परंतु याच मल्लाची दुसरी एक मूर्ति आहे, आणि तिच्याकडे आमच्या लेखकांचें लक्ष फारसें गेलेलें दिसत नाहीं. ती गुडघे टेकून बसलेल्या, आपलाच पराभव आपल्या हातानें टिपून ठेवणाऱ्या माणसाची मूर्ति होय. १३ डिसेंबर १७८४ रोजीं जॉन्सन वारला. मरणापूर्वीं थोडे दिवस त्यानें आपले पुष्कळ कागद अग्नीच्या स्वाधीन केले; पण प्रार्थनांचे व आत्मपरीक्षणाचे कांहीं कागद इस्लिंग्टन येथील धर्मोपदेशक जॉर्ज स्ट्रेहन याच्या हवालीं केले. स्ट्रेहननें ते १७८५ सालीं 'प्रार्थना व चिंतनें' या नांवानें छापले. ज्याच्यापुढें सारें लंडन दबून असे, त्याची ही वही वाचून लोक चकित झाले. कांहीं तर संतापले.

या वहीत आहे तरी काय? वर्षाचे ठराविक दिवस आहेत: नववर्षाचा पहिला दिवस, २८ मार्च, म्हणजे पत्नीच्या मृत्यूची तिथि (ती वारली १७५२ च्या १७ मार्चला, पण त्याच वर्षीं इंग्लंडनें पंचांग बदललें आणि तारीख अकरा दिवसांनीं पुढें सरकली), येशूच्या क्रूसमरणाचा उत्तम शुक्रवार व त्यामागून येणारा ईस्टर, आणि १८ सप्टेंबर, त्याचा स्वतःचा जन्मदिवस. या दिवशीं, बहुधा रात्रीं उशिरां, तो लिहावयास बसे. मागच्या वर्षाचा हिशेब घेई, प्रार्थना लिही, आणि मग संकल्प करी: लवकर उठावें, पवित्र शास्त्र नेमानें वाचावें, रविवारीं देवळांत जावें, कामाला व्यवस्था लावावी, दिनचर्या टिपून ठेवावी. पुढच्या वर्षीं त्याच दिवशीं तोच माणूस तेंच लिहितो, कीं यांतलें कांहीं झालें नाहीं. आणि पुन्हा संकल्प. असें तीस वर्षांहून अधिक काळ चाललेलें आहे.

१७६४ च्या ईस्टरला तो म्हणतो कीं गेल्या प्रभुभोजनापासून आपला आळस अधिकच दाट झाला आहे आणि सरलेलें वर्ष कोठें गेलें याची आठवणसुद्धां राहिलेली नाहीं. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत त्याला ५५ वर्षें पुरीं झालीं. त्या रात्रींची नोंद अशी, कीं एवढें सारें आयुष्य सुधारण्याचे बेत करण्यांतच गेलें. १७६५ सालीं तो आठ वाजतां उठण्याचें ठरवितो, आणि ही वेळ कांहीं पहांटेची नव्हे हें त्यालाही दिसतें. पण दुपारचे दोन वाजेपर्यंत अंथरुणांत पडून राहणाऱ्याला आठ म्हणजे पुष्कळच लवकर, असें तो प्रामाणिकपणें जोडून देतो. हें वाचतांना हंसूं येतें. नाहीं असें नाहीं. कवि कूपर स्वतः परम धार्मिक. पण त्यालाही हें पुस्तक रुचलें नाहीं, आणि तें छापणाऱ्यानें ना धर्मावर उपकार केला ना ग्रंथकाराच्या कीर्तीवर, अशा आशयाचें पत्र त्यानें १७८५ सालींच आपला स्नेही जॉन न्यूटन यास लिहिलें.

एवढ्या मोठ्या माणसानें अंथरुणांतून उठण्याच्या वेळेचें एवढें स्तोम कां माजवावें, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. त्याचें मूळ त्याच्या ऑक्सफर्डच्या दिवसांत आहे. १७२८ च्या अखेरीस तो पेम्ब्रोक कॉलेजांत दाखल झाला. धर्माविषयीं तेव्हां त्याची वृत्ति चेष्टेखोर होती. विल्यम लॉ नांवाच्या ग्रंथकाराचें भक्तिमय जीवनाविषयीं आवाहन करणारें एक पुस्तक नुकतेंच प्रसिद्ध झालें होतें. तें कंटाळवाणें असेल, थोडी गंमत तरी करतां येईल, म्हणून त्यानें हातीं घेतलें. पण लॉ त्याला भारी पडला. धर्म हा रविवारापुरता नाहीं, दिवसाच्या एकूण एक तासाचा जाब द्यावा लागतो, हें त्या पुस्तकाचें सार आहे. आणि उशिरां उठणें हा केवळ गैरसोयीचा नव्हे तर आत्म्याच्या शैथिल्याचा प्रकार आहे, असें त्यांत एक संबंध प्रकरण खर्चून सांगितलें आहे. तें वाचून विशीच्या उंबरठ्यावरच्या जॉन्सनच्या मनावर जो घाव बसला तो जन्मभर भरून आला नाहीं. त्यांत येशूच्या एका दृष्टान्ताची भर पडली. धन्यानें व्यापारासाठीं दिलेलें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराची ती गोष्ट आहे. आपणांस असामान्य बुद्धि मिळाली आणि आपण ती पुरून ठेवली, या विचारानें जॉन्सनची झोंप उडत असे. त्याच्या घड्याळाच्या तबकडीवर त्यानें शुभवर्तमानांतील ग्रीक शब्द कोरून घेतले होते. काम थांबविणारी रात्र जवळ येत असल्याची सूचना देणारे ते शब्द. पुढें ही तबकडी त्यानें काढून टाकली, कारण लोकांना ती मिरवणूक वाटेल अशी त्याला शंका आली! शंकेखोरपणा हाही त्याचा एक जुना रोग. त्यापासून सोडीव, अशाही प्रार्थना वहींत आहेत.

रोग हा शब्द आम्ही सहज वापरला, पण त्याविषयीं थोडें अधिक बोललें पाहिजे. १७२९ च्या डिसेंबरांत द्रव्याच्या अभावीं जॉन्सनला ऑक्सफर्ड सोडावें लागलें, आणि लिचफील्डच्या घरीं त्याला विषण्णतेचा भयंकर झटका आला. आपल्या अवस्थेचें वर्णन त्यानें लॅटिनमध्यें लिहून आपला धर्मपिता डॉक्टर स्विनफेन यास दिलें. तें वर्णन इतकें उत्कृष्ट होतें कीं डॉक्टरानें तें कौतुकानें चार लोकांस दाखविलें. जॉन्सनच्या मनाला ही गोष्ट फार लागली. आजचे वैद्यकवेत्ते त्याच्या विषण्णतेला व अंगविक्षेपांना निराळीं नांवें देतात, आणि अंथरुणांतून न उठवणें हें त्या रोगाचें लक्षणच होय असें सांगतात. तसें असेल तर जें पाप नव्हतें त्याबद्दल हा माणूस तीस वर्षें क्षमा मागत राहिला, असा निष्कर्ष निघतो, आणि तो मनाला अस्वस्थ करतो. आम्हांस तो अर्धाच खरा वाटतो. आपलें मन आजारी आहे हें जॉन्सनला ठाऊक होतें; वेड लागण्याचें भय त्याला जन्मभर होतें. परंतु आजार आणि चुकारपणा यांची सीमारेषा आपल्याच बाबतींत आपणांस नेमकी आंखतां येत नाहीं, आणि ती आपल्या सोयीनें आंखण्याचा मोह अनावर असतो. त्यानें ती स्वतःच्या विरुद्ध आंखली. हें न्यायाचें झालें असें आम्ही म्हणणार नाहीं, पण तें भ्याडपणाचें खास नव्हतें.

शिवाय या आळसाचे परिणाम केवळ कल्पनेंतले नव्हते. शेक्सपीअरच्या नाटकांची आवृत्ति काढण्याचें त्यानें १७५६ सालीं जाहीर केलें, वर्गणीदारांचे पैसे घेतले, आणि ग्रंथ बाहेर पडला १७६५ च्या ऑक्टोबरांत. मध्यंतरीं चार्ल्स चर्चिल या उपहासकवीनें पैसे घेऊन पुस्तक न देणारा म्हणून त्याची जाहीर टवाळी केली. १७६२ सालीं सरकारांतून सालिना ३०० पौंडांचें पेन्शन मिळूं लागल्यावर तर पोटासाठीं लिहिण्याचीही सक्ति उरली नाहीं. आणि याहून दारुण हिशेब घरचा होता.

त्याची वृद्ध आई लिचफील्डला राहात असे. लंडनहून तें गांव काय फार दूर? सुमारें १२० मैल. १७४० सालीं तेथून निघालेला जॉन्सन पुन्हा तिच्या जिवंतपणीं गेला नाहीं. एकोणीस वर्षें! पत्रें लिहीत असे, पैसे पाठवीत असे, येतों येतों म्हणत असे. १७५९ च्या जानेवारींत, नव्वदीला टेंकलेली म्हातारी अंथरुणाला खिळल्याचें कळलें, तेव्हां त्यानें पत्रांतून तिची क्षमा मागितली. ती वारली आणि हा लंडनांतच राहिला. तिच्या अंत्यविधीचा खर्च व थोडें देणें फेडण्यासाठीं त्यानें एका आठवड्याच्या संध्याकाळांत एक छोटी कथा लिहून काढली; पहिल्या आवृत्तीचे १०० पौंड मिळाले. तीच 'रासेलस'. ॲबिसिनियाच्या राजपुत्राची ती कथा आमच्या आजे-पणजांनीं मराठींत नीतिबोधासाठीं वाचली, तिच्या पानांमागें हें अपराधी मन आहे हें त्यांपैकीं किती जणांना ठाऊक असेल?

बापाच्या बाबतींतलें शल्य याहून जुनें. मायकेल जॉन्सन हा पुस्तकविक्या होता आणि आसपासच्या गांवांच्या बाजारीं दुकान मांडीत असे. एकदां आजारी असतांना त्यानें मुलाला युटॉक्सेटरच्या बाजारीं जावयास सांगितलें. ऑक्सफर्ड पाहून आलेल्या मुलाला बाजारांत बसण्याची लाज वाटली. तो गेला नाहीं. १७३१ च्या डिसेंबरांत बाप वारला. या गोष्टीला सुमारें पन्नास वर्षें लोटल्यावर, कीर्तीच्या शिखरावर असतां, जॉन्सन युटॉक्सेटरला गेला आणि जेथें बापाचें दुकान लागे त्या ठिकाणीं पावसांत, उघड्या डोक्यानें, पुष्कळ वेळ उभा राहिला. ही हकीकत त्यानें अखेरच्या वर्षीं लिचफील्डच्या एका तरुण पाद्र्याला सांगितली, म्हणून ती आपणांस कळली. १८३८ सालीं लिचफील्डच्या चौकांत त्याचा पुतळा उभारला, त्याच्या चौथऱ्यावर हा देखावा कोरलेला आहे.

आत्मनिंदा ही आम्हां महाराष्ट्रीयांना अपरिचित नाहीं. तुकोबांच्या करुणापर अभंगांतून ती आमच्या कानांवर लहानपणापासून पडत आली आहे. पण तेथें टाळ आहेत, ऐकणारे संत आहेत, आणि निंदेचा शेवट बहुधा विठ्ठलाशीं प्रेमाच्या भांडणांत होतो. जॉन्सनच्या खोलींत कोणी नाहीं. तारीख आहे, वेळ आहे, कोणत्या संकल्पाचें काय झालें त्याची नोंद आहे. आत्म्याची अशी जमाखर्चाची वही ठेवणें हा प्रॉटेस्टंट देशांतला, विशेषतः सतराव्या शतकापासूनचा, परिपाठ होता. पापाची कबुली पाद्र्याच्या कानांत सांगण्याची सक्ति उरली नाहीं, तेव्हां ती कागदाला सांगणें क्रमप्राप्तच झालें.

याच काळांत अमेरिकेंत बेंजामिन फ्रँक्लिन यानेंही अशी एक वही केली होती. त्यानें १३ सद्गुण निवडले, कोष्टक आंखलें, चूक झाली कीं त्या घरांत काळा ठिपका द्यावयाचा. व्यवस्थितपणा हा सद्गुण त्यालाही साधेना. मग त्यानें हंसत हंसत असें ठरविलें कीं थोडे डाग राहिले तरी कुऱ्हाडीचें कांहीं बिघडत नाहीं. फ्रँक्लिनची पद्धत शहाण्या व्यापाऱ्याची आहे, आणि आमच्या अनेक वाचकांस तीच अधिक पटेल. तींत कोणी रडत नाहीं. पण बारकाईनें पाहिलें तर फ्रँक्लिनला जें तडजोडीनें सोडून देतां आलें, तें जॉन्सनला सोडतां येत नव्हतें, कारण त्याचा व्यवहार स्वतःशीं नव्हता. संकल्प मोडला म्हणजे फ्रँक्लिनचें कोष्टक बिघडे. जॉन्सनच्या दृष्टीनें तो दिलेला शब्द फिरे.

येथें त्याच्या प्रार्थनांची घडण ध्यानांत घेतली पाहिजे. त्या उमाळ्याच्या नाहींत. इंग्लंडच्या चर्चचें १६६२ सालचें जें प्रार्थना-पुस्तक, त्यांतील छोट्या प्रार्थनांच्या सांच्यांत त्या ओतलेल्या आहेत: आधीं ईश्वराचें संबोधन, मग त्याच्या एखाद्या गुणाचा उल्लेख, मग मागणें, आणि शेवटीं येशू ख्रिस्ताच्या नांवें समाप्ति. निबंधमासिक काढतांना, कोशाचा दुसरा भाग हातीं घेतांना, अशा प्रसंगीं त्यानें त्या लिहिल्या. मन ज्याचें विस्कटलेलें, त्यानें बांधीव वाक्यांचा आधार घेतला. या सांच्यांत मागणें नेहमीं दोन प्रकारचें असतें: झालेल्याची क्षमा आणि पुढच्यासाठीं बळ. बळ त्याला मिळालें असें वहीवरून दिसत नाहीं. मग पुन्हा पुन्हा तेंच कां? १७७५ च्या उत्तम शुक्रवारीं त्यानें स्वतःच हा प्रश्न स्वतःला घातला आहे. वर्षानुवर्षें मोडलेले संकल्प पुढें मांडून, आतां आणखी एक कशाला, असें विचारलें आहे. त्याचें उत्तर असें, कीं सुधारणें तर भागच आहे, आणि आशा सोडणें हा गुन्हा आहे. निराशा हा दुर्गुणांहूनही मोठा अपराध होय, ही जुनी ख्रिस्ती शिकवण येथें एका थकलेल्या माणसाला अक्षरशः अंथरुणांतून ओढून काढते. विश्वासानें त्याचा आळस घालविला नाहीं. पण आळशी म्हणून स्वतःला टाकून देण्याची परवानगीही दिली नाहीं.

तथापि या विश्वासाची दुसरी बाजू झांकून ठेवणें बरें नव्हे. जॉन्सनचा धर्म भयानें काळवंडलेला होता. क्षमेची गोष्ट तो मानी, पण ती आपणांस लागू पडेल याची खात्री त्याला वाटत नसे. मृत्यूचा विषय निघाला कीं तो थरकांपे, आणि बॉस्वेलनें अधिक खोदलें तर रागें भरे. क्षमाशील ईश्वरावर विश्वास ठेवून जन्मभर भीत राहणें ही विसंगति आहे. लॉच्या पुस्तकानें त्याला कर्तव्याची बाजू जितकी शिकविली तितकी कृपेची शिकविली नाहीं, असें आम्हांस वाटतें. ज्या चर्चबाह्य मंडळींनीं त्या शतकांत कृपेचा घोष केला, त्यांच्याविषयीं त्याच्या मनांत अढी होती. १७६४ च्या ईस्टरला प्रभुभोजनाच्या वेळीं साध्या घरगुती झग्यांत आलेली एक गरीब मुलगी त्याला दिसली. तिच्या हातांत हार्ट या चर्चबाह्य उपदेशकाच्या गीतांचें पुस्तक होतें. जॉन्सननें तिला गुपचूप एक क्राउन दिला, आणि वहीत नोंद केली कीं पुस्तक तें असूनही दिला! नाणें आणि कुरकुर, दोन्ही एकाच ओळींत.

त्या नाण्यावरून त्याच्या घराकडे वळणें सोपें आहे, आणि आमच्या मतें या वहीची खरी फलश्रुति तेथेंच पाहावी. ज्याला स्वतःचें दौर्बल्य रोज डोळ्यांसमोर दिसे, त्याला दुसऱ्याच्या दौर्बल्याचा तिटकारा येत नसे. त्याच्या घरांत अंध ॲना विल्यम्स होती. स्विनफेन डॉक्टरची निराधार झालेली मुलगी होती. जमैकांत गुलामगिरींत जन्मलेला फ्रान्सिस बार्बर होता. त्याला जॉन्सननें शाळेंत घातलें आणि शेवटीं आपल्या मिळकतीचा मुख्य वारस केलें. हॉज नांवाच्या मांजरासाठीं कालवें आणावयास तो स्वतः जाई, कारण नोकरांवर तें काम पडलें तर ते त्या मुक्या जनावरावर राग धरतील अशी त्याला धास्ती. ही मंडळी आपसांत अखंड भांडत. जॉन्सन कधीं कधीं घरीं जाण्यास कचरे, पण कोणास घालवून देत नसे.

वहींतलें अत्यंत हृद्य पान १८ ऑक्टोबर १७६७ चें आहे. कॅथरीन चेंबर्स ही त्याच्या आईची जुनी मोलकरीण. सुमारें ४३ वर्षें त्या घरांत राबलेली. ती मरणोन्मुख होती. इतरांस बाहेर जाण्यास सांगून तो तिच्या बिछान्याशीं गुडघे टेकून बसला आणि त्यानें तिच्यासाठीं प्रार्थना केली. मग त्यानें तिचें चुंबन घेतलें. तिनें म्हटलें कीं ताटातूट हेंच मोठें दुःख, पुन्हा बऱ्या ठिकाणीं भेटूं. आईच्या शेवटच्या वेळीं जें त्याच्या हातून झालें नव्हतें, तें येथें झालें. तो स्वतः तशी तुलना करीत नाहीं. पण वाचणाऱ्याच्या मनांत ती आल्यावांचून राहात नाहीं.

आणि रॉबर्ट लेव्हेट. हा पदवी नसलेला, बोलण्यांत ओबडधोबड असा वैद्य लंडनच्या गल्लीबोळांतून गरिबांना औषध देत पायीं हिंडे आणि जॉन्सनच्या घरीं राही. १७८२ च्या जानेवारींत तो एकाएकीं वारला. जॉन्सननें त्याच्यावर जी विलापिका लिहिली, तींत तोच दृष्टान्त पुन्हा येतो: या माणसाला एकच नाणें मिळालें होतें आणि त्यानें तें नीट गुंतविलें. स्वतःच्या अनेक नाण्यांच्या हिशेबानें पन्नास वर्षें बेजार झालेल्या पंडितानें हें लिहावें, यांत आम्हांस केवळ मित्रशोक दिसत नाहीं.

१७ जून १७८३ च्या पहांटे अर्धांगाच्या झटक्यानें त्याची वाचा बसली. शरीराचें कांहीं कर, पण बुद्धि राख, अशी त्यानें ईश्वराची प्रार्थना केली. आणि बुद्धि शाबूत आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ती लॅटिन पद्यांत केली. पद्य कांहीं विशेष साधलें नाहीं. पण तें साधलें नाहीं हें आपणांस कळतें, त्या अर्थीं बुद्धि ठीक आहे, असें त्यानें अनुमान काढलें! पुढच्या वर्षीं जलोदर वाढला. चमत्कार घडल्याखेरीज आतां उतार पडणार नाहीं, असें डॉक्टर ब्रॉकल्सबी यानें विचारल्यावरून स्पष्ट सांगितलें, तेव्हां त्यानें औषध बंद केलें. अफूसुद्धां नाकारली, कारण शुद्धीवर राहून ईश्वरापुढें जावें ही त्याची इच्छा होती. ५ डिसेंबरला त्यानें अखेरचें प्रभुभोजन घेतलें आणि त्यासाठीं शेवटची प्रार्थना रचली. तींत लवकर उठण्याचा संकल्प नाहीं. जवळ असलेल्यांनीं लिहून ठेवलें आहे कीं अखेरीस त्याचें मृत्युभय पुष्कळ निवळलें होतें.

त्या कागदांचें हस्तलिखित स्ट्रेहननें पेम्ब्रोक कॉलेजच्या स्वाधीन केलें. फी भरावयास पैसे नाहींत म्हणून अवघ्या तेरा महिन्यांत ज्या कॉलेजांतून जॉन्सनला निघून जावें लागलें, त्याच कॉलेजच्या ग्रंथालयांत त्याची ही वही ठेवलेली आहे.